वरच्या न्यायालयात काय टिकते?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा एखादा निवाडा आला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ठरावीक क्रियापदांपैकी एक हमखास असते. 'फिरवला', 'रद्द केला', 'कायम ठेवला'. जागेच्या हिशेबात हे सोयीचे असते आणि बातमीपुरते खरेही असते. मात्र अशा मथळ्यांतून वर्षानुवर्षे वाचकांच्या मनात एक समजूत रुजली आहे, की खालच्या न्यायालयात काहीही झाले तरी पर्वरीला गेल्यावर सगळे नव्याने ऐकले जाते. जणू पहिला डाव बुडाला तरी दुसरा शिल्लक आहे. या समजुतीवर विसंबून गोव्यात किती बहिणींनी वडिलोपार्जित घरावरचा हक्क गमावला असेल आणि किती फिर्यादींचे खटले पहिल्याच आठवड्यात मोडले असतील, याची मोजदाद कुठे होत नाही.

अपील म्हणजे नवा खटला नव्हे, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळते. पक्षकाराला मात्र बहुधा अपील हरल्यावरच कळते. अपिलात साक्षीदार पिंजऱ्यात येत नाहीत. न्यायमूर्तींच्या पुढ्यात असतो तो कागदांचा गठ्ठा: खालच्या न्यायालयातील जबान्या, उलटतपासणी, पंचनामे, दस्त आणि निवाडा. नवा पुरावा घेण्याची तरतूद दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही कायद्यांत आहे, पण ती अपवाद म्हणून. 'तेव्हा वकिलाने मांडायचे राहिले' एवढ्या कारणावर ते दार उघडत नाही. दिवाणी दाव्यात तर आणखी एक पायरी आहे. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्हींचा विचार होतो. दुसऱ्या अपिलात, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे, केवळ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच उच्च न्यायालय लक्ष घालते. कोण खरे बोलले आणि कोण खोटे, याचा निर्णय तोवर बहुतेक झालेला असतो.

इथे एक भेद करणे आवश्यक आहे, कारण बातम्यांत तो पुसला जातो. गेल्या काही वर्षांत गोव्यात ज्या निवाड्यांची सर्वाधिक चर्चा झाली त्यांतले बरेचसे अपिलातले नव्हतेच. मार्च २०२५ मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे खंडपीठाने रद्दबातल ठरवली, ती जनहित याचिकांवर. तिथे उच्च न्यायालय हेच पहिले न्यायालय होते आणि सरकारने काय केले, कोणत्या अधिकाराने केले, हा प्रश्न होता. अशा याचिकेत नागरिक थेट उच्च न्यायालयाच्या पायरीवर उभा राहतो. अपिलात तो खालून, आपले सगळे ओझे घेऊन वर येतो. या लेखाचा विषय हे दुसरे प्रकरण आहे. त्यावर आंदोलने होत नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक गोमंतकीय कुटुंबाशी त्याचा कधी ना कधी संबंध येतो.

मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी दिलेला एक निवाडा या दृष्टीने नीट वाचण्यासारखा आहे. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी 'हुंडा दिला तरी मुलीचा मालमत्तेवरचा हक्क जात नाही' अशी दिली. ती चूक नव्हती, पण अर्धी होती.

प्रकरण एका गोमंतकीय कुटुंबाचे. वडील वारलेले. थोरली मुलगी विवाहित, आणखी बहिणी आणि भाऊ. थोरली मुलगी वडिलांची वारस असल्याची नोंद एका दस्तात आधीच झालेली होती. तरीही १९९० साली आईकडून एक दस्त होऊन कुटुंबाचे दुकान दोन भावांच्या नावे झाले. थोरल्या बहिणीची संमती घेतली गेली नाही. तिला त्या दस्ताचा पत्ता लागला तो १९९४ साली, आणि ती दिवाणी न्यायालयात गेली. भावांचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे होते. एक, बहिणींच्या लग्नात त्यांना पुरेसा हुंडा दिला होता, त्यामुळे आता त्यांचा काही हक्क उरला नाही. दोन, दस्त १९९० चा आणि दावा त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे तीन वर्षांची मुदत टळून गेली.

उच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले आणि तो दस्त बहिणीच्या विरोधात टिकू दिला नाही. पण कशाच्या आधारावर? हुंड्याबाबत न्यायालयाने प्रथम हे नोंदवले, की पुरेसा हुंडा दिल्याचा पुरावाच दाव्यात आलेला नाही. त्यानंतर, हुंडा दिला असे घटकाभर धरून चालले तरी त्यामुळे मुलींचा कौटुंबिक मालमत्तेतील हक्क संपत नाही. वडिलांच्या पश्चात भावांनी ज्या रीतीने तो संपवू पाहिला त्या रीतीने तर नाहीच. मुदतीच्या मुद्द्यावर न्यायालयाने पाहिले ते असे, की दस्ताची माहिती मिळाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत बहीण न्यायालयात गेलेली होती, आणि तिला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती हे भाऊ सिद्ध करू शकले नव्हते.

म्हणजे जो निवाडा तत्त्वाचा म्हणून गाजला, त्याच्या पोटात दोन अगदी साध्या गोष्टी होत्या. भावांनी जे सांगितले ते कागदावर आणले नव्हते. बहिणीने जे केले ते वेळेत केले होते. ती 'भावांशी कशाला वैर' म्हणून आणखी तीन-चार वर्षे थांबली असती, तर हुंड्याविषयीचे तेच तत्त्व तितकेच खरे राहिले असते, पण तिच्या उपयोगाला आले असते की नाही हे सांगता येत नाही. आणि वेळेत जाऊनही १९९४ ते २०२३, अशी जवळजवळ तीन दशके गेली, हेही विसरून चालणार नाही.

हुंड्याच्या बचावातला विरोधाभास तर न्यायालयाबाहेरही लक्षात घ्यावा असा आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्या कायद्याने जे देणे-घेणे गुन्हा ठरवले आहे, ते आपण केले असे एक पक्ष दिवाणी न्यायालयात बचाव म्हणून मांडतो, आणि समाजात कोणाला त्याचे नवल वाटत नाही. 'तिच्या लग्नात आम्ही काय कमी केले?' हे वाक्य हिंदू घरांत आणि ख्रिस्ती घरांत सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. या बाबतीत आपला समाज खरोखरच समान नागरी कायदा पाळतो.

मुळात ज्या पोर्तुगीज नागरी संहितेचे गोव्याला भूषण वाटते, तिच्यातही या वाक्याला आधार नाही. १८६७ ची ही संहिता १८७० पासून इथे लागू झाली. त्या संहितेत लग्नातला 'दोत' ही मान्य गोष्ट होती हे खरे. पण पालकांनी हयातीत एखाद्या अपत्याला जे दिले ते वाटणीच्या वेळी एकत्र हिशोबात धरायचे, ही तिची रीत होती. म्हणजे मुलीला लग्नात काही दिले असेल तर ते तिच्या हिश्श्यात मोजले जाईल. हिस्साच नाहीसा होणार नाही. 'हिशोबात धरणे' आणि 'हक्क संपणे' यांतले अंतर आपल्या व्यवहाराने दीडशे वर्षांत पार पुसून टाकले आहे.

ही रचना थोडक्यात अशी आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि निम्मी पत्नीची, निम्मी पतीची. पती वारल्यावर पत्नीला तिचा अर्धा भाग वारसा म्हणून मिळत नाही, तो आधीपासून तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्यात सर्व मुलांचा समान वाटा, मुलगा-मुलगी हा भेद नाही. मृत्युपत्र करणाऱ्यालाही आपल्या भागातील निम्म्याचीच मुभा; बाकीचे निम्मे मुलांसाठी राखीव. आईबापांनी एका अपत्याला मालमत्ता विकायची तर इतर अपत्यांची संमती हवी, हे संहितेचे कलम १५६५ सांगते. सामाईक मालमत्तेतला विशिष्ट तुकडा वाटणी होण्याआधी एकट्याने विकता येत नाही, हे कलम २१७७. वरच्या निवाड्यात ही दोन्ही कलमे आली आहेत. वारसाहक्काचा भाग आता 'गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२' या राज्याच्या कायद्यात आहे. तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आला आणि ही मूळ चौकट त्याने कायम ठेवली.

शेजारी तुलना केली तर याचे महत्त्व कळते. हिंदू वारसा कायद्यात मुलीला जन्माने सहदायिक मानणारी दुरुस्ती देशभर २००५ साली आली, आणि तिच्या अर्थाविषयीचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला. सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या मुलीला जे फार उशिरा मिळाले, ते पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मुलीला कागदोपत्री एकोणिसाव्या शतकापासून आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या या कायद्याची प्रशंसा केली. त्याच निवाड्यात त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, जी मुंबई-पुण्यात घर घेतलेल्या गोमंतकीयांनी ध्यानात ठेवावी. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. मुंबईतला फ्लॅट मृत्युपत्राने एकाच अपत्याला देऊन राखीव हिश्श्यातून सुटका होणार नाही.

मग इतका समतेचा कायदा असूनही घरे, दुकाने आणि भाटे बहुतांश मुलांच्याच नावावर कशी? उत्तर वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर असते. मजकूर लावताना ज्या नोटिसांकडे आम्हा उपसंपादकांचेही लक्ष जात नाही, त्या विशेष नोटरींच्या नोटिसा. अमुक दिवशी अमुक व्यक्ती निवर्तली, मागे अर्धहिस्सेदार म्हणून पत्नी आणि सार्वत्रिक वारस म्हणून अमुक मुले. आणि पुष्कळदा याच्या जोडीला हक्कसोडीचा दस्त, ज्यात कन्या व जावई यांनी वारशातील आपला अविभक्त हक्क सोडून दिलेला असतो. मोबदला काही नाही. यातल्या अनेक हक्कसोडी मनापासूनच्या असतील. सुस्थितीत असलेल्या बहिणीने गावच्या भावासाठी हक्क सोडणे यात आक्षेपार्ह काहीच नाही. प्रश्न त्यांचा आहे ज्यांना 'फक्त सही कर, कागद पूर्ण करायचे आहेत' एवढेच सांगितले जाते.

या सहीचे स्वरूप समजून घ्यायला हवे. आईवडील जिवंत असताना त्यांच्या भावी वारशावरचा हक्क सोडता येत नाही. तसे लिहून घेतलेल्या कागदाला अर्थ नाही. मात्र मृत्यूनंतर विशेष नोटरीपुढे रीतसर केलेली हक्कसोड ही साधी गोष्ट नव्हे. ती एखाद्या शेतापुरती किंवा खोलीपुरती नसते. साऱ्या वारशाची असते. तिला अटी घालता येत नाहीत. 'वरची खोली माझ्यासाठी ठेवतील असे दादा म्हणाला होता' हे वाक्य त्या दस्तात नसते, आणि दस्तात नसलेले वाक्य अपिलात कोणी वाचत नाही. फसवणूक झाली असे पुढे म्हणायचे तर ती सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो, आणि वेळ मोजायला सुरुवात होते ती फसवणूक कळल्याच्या दिवसापासून. दुकानाच्या प्रकरणातील बहीण या दृष्टीने सुदैवी म्हणायची, कारण तिची सही कुठेच नव्हती. सही असती तर तिचे प्रकरण वेगळे झाले असते.

भाषेचा प्रश्न यात मिसळलेला आहे. आजोबांच्या काळचे दस्त पोर्तुगीजमध्ये, आजचे इंग्रजीत, न्यायालयाचे निवाडेही इंग्रजीत. घरात कोकणी, वाचन मराठी आणि सही मात्र न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर, अशी आपली तीन पिढ्यांची स्थिती आहे. विशेष नोटरीच्या कार्यालयात 'हा दस्त मला माझ्या भाषेत समजावून सांगा' असे म्हणायला कायद्याची अडचण नाही. अडचण असते ती बाहेर गाडीत थांबलेल्या नातेवाइकांची.

फौजदारी अपिलांत भावनांचा दाब याहून जास्त, आणि कागदाची सत्ता तितकीच. हणजूणच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, ते प्रकरण इथे आठवते. आरंभी बुडून मृत्यू अशीच त्या घटनेची मांडणी झाली. आईने माघार घेतली नाही, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली, अंगावरच्या जखमा पुढे आल्या आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. अपिलात, जुलै २०१९ मध्ये, खंडपीठाने त्यांपैकी एकाला सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्ह्यांसाठी दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. दुसऱ्याची निर्दोष मुक्तता कायम ठेवली. घटनेला तोवर अकरा वर्षे झाली होती.

हा निवाडाही 'फिरवला' या क्रियापदात बसवला गेला. पण निर्दोष सुटलेल्याला अपिलात दोषी ठरवणे ही कायद्यातली सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कर्नाटकातील एका खटल्यात यासंबंधीची तत्त्वे एकत्र मांडली, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक निवाड्यात ती उद्धृत होतात. अपील न्यायालयाला सगळा पुरावा पुन्हा तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक मुळात असतेच, आणि एकदा सुटका झाल्यावर ते दुप्पट बळकट होते. त्याच पुराव्यावरून दोन निष्कर्ष सारखेच संभवत असतील तर वरच्या न्यायालयाने खालचा निष्कर्ष हलवायचा नाही, मग स्वतःला दुसरा अधिक पटत असला तरीही. लोकांना हे अन्यायाचे वाटते. पण हा दंडक नसता तर प्रत्येक सुटका म्हणजे केवळ मध्यंतर ठरले असते.

मग हणजूण प्रकरणात ते कसे शक्य झाले? प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष भक्कम नव्हती. एक महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. उरला परिस्थितिजन्य पुरावा. ती मुलगी शेवटी कोणाबरोबर होती, तिची अवस्था काय होती आणि त्या अवस्थेत तिला कोणी कुठे सोडले, हे दुवे. ते दुवे खालच्या न्यायालयाच्या कागदांत होते म्हणूनच वरच्या न्यायालयाला ते जोडून पाहता आले. पहिल्या शवचिकित्सेवर सारे थांबले असते तर जोडायला काही उरलेच नसते. दुसऱ्या आरोपीबाबत ते दुवे पुरले नाहीत आणि त्याच खंडपीठाने, त्याच निवाड्यात, त्याला सोडले. माझ्या मते या निवाड्याची खरी कसोटी त्या दुसऱ्या भागात आहे. जनमताच्या दाबाखाली काम करणाऱ्या न्यायालयाने दोघांनाही एकाच दोरीत बांधले असते.

अमली पदार्थांच्या खटल्यांबाबत फार लिहीत नाही, कारण तिथे गोष्ट पुन्हा पुन्हा तीच असते. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती घेण्याचा हक्क संशयिताला सांगावा लागतो. १९९९ साली घटनापीठाने हे बंधनकारक ठरवले. नमुने कधी घेतले, सील कोणाचे, ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होते, यांतला एखादा दुवा पंचनाम्यात निसटला की अपिलात शिक्षा गळून पडते. मग 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' अशी बातमी येते. दहा-दहा, वीस-वीस वर्षांच्या शिक्षा ज्या कायद्यात आहेत, त्या कायद्यात झडतीची नोंद हा तांत्रिक मुद्दा नसतो, तोच खटला असतो. किनारपट्टीवर हजारो परके आणि आपलेही तरुण ज्या राज्यात वावरतात, तिथे हे संरक्षण ढिले होणे कोणाच्याच हिताचे नाही. ढिलाई दूर व्हायला हवी ती पंचनामा लिहिणाऱ्याकडे.

पीडितांच्या बाजूने मात्र गेल्या काही वर्षांत अपिलाचे दार थोडे रुंद झाले आहे, आणि हे अजून पुरेसे माहीत नाही. पूर्वी आरोपी सुटला की अपील करायचे की नाही हे सर्वस्वी सरकारच्या हाती असे. २००९ च्या अखेरीपासून पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येते: सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरल्याविरुद्ध, किंवा भरपाई अपुरी असल्यास. शिक्षा कमी वाटली एवढ्यासाठी मात्र नाही. ते काम अजूनही सरकारचेच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हा हक्क कलम ४१३ मध्ये तसाच ठेवला आहे. धनादेश न वटण्याच्या खटल्यातील तक्रारदारही या अर्थाने पीडितच असून, आरोपी सुटल्यास त्याला उच्च न्यायालयाची विशेष परवानगी न मागता अपील करता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवले. म्हापसा-मडगावच्या बाजारपेठेत उधारीवर चालणाऱ्या व्यवहाराला या निवाड्याचा उपयोग मोठा आहे. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला पहिल्या अपिलासाठी आता आपल्याच जिल्ह्याचे सत्र न्यायालय पुरते.

गोव्याला अपिलाची परंपरा नवी नाही. 'रेलासांव' हे इथले वरिष्ठ न्यायालय १५४४ साली स्थापन झाले. मुक्तीनंतर न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले, आणि १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. २०२१ मध्ये ते पणजीच्या आल्तिनोवरून पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले. इतक्या जुन्या परंपरेच्या प्रदेशात आजही पक्षकार अपिलाला उशीर करून हरतो, ही खेदाची गोष्ट आहे. कारण मुदती लांबलचक नाहीत. दिवाणी निवाड्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायचे तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. शिक्षेविरुद्ध आरोपीला उच्च न्यायालयात जायला ६० दिवस, इतर न्यायालयांत ३०. निवाड्याची प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ यातून वगळला जातो, पण त्यासाठी प्रतीचा अर्ज वेळेत केलेला असावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो; मात्र प्रत्येक दिवसाचे कारण द्यावे लागते, आणि 'घरात बोलणी चालू होती' हे कारण न्यायालयांना फारसे भावत नाही.

खर्चाच्या भीतीने थांबणाऱ्या बहिणींसाठी आणखी एक तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पती कमावता असला, स्वतः नोकरीत असली, तरी ती पात्र ठरते. ही मदत अपिलापुरती नाही. पहिला दावा घालतानाही मिळते, आणि तालुका पातळीवरच्या विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज घेऊन जाताना हाताशी असावेत ते कागद असे: मृत्यूचा दाखला, जन्म आणि विवाहाच्या नोंदी, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती आणि भावांनी काही दस्त केला असल्यास सब-रजिस्ट्रारकडून काढलेली त्याची प्रत, ज्यावर ती आपल्या हाती कोणत्या तारखेला आली याची नोंद असेल.